हर्डल: मेंढरांच्या कोंडाळ्यातून धावपट्टीवर आलेला शब्द

शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ असतात. तिथे 'हर्डल' म्हणजे अडथळा, 'ऑब्स्टॅकल' म्हणजे अडथळा, 'बॅरियर' म्हणजे अडथळा आणि 'इम्पेडिमेंट' म्हणजेही अडथळाच. सातारा-सांगलीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे पाठ करताना एक साधा प्रश्न पडतो: अर्थ एकच, तर शब्द चार कशाला? प्रश्न रास्त आहे. "इंग्रजीत असंच असतं" एवढं सांगून मुलाला गप्प करणं मला पटत नाही. या चारही शब्दांची घराणी वेगवेगळी आहेत. त्यातलं हर्डलचं घराणं तर माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या माणसाला चटकन ओळखीचं वाटेल, कारण हा शब्द मुळात मैदानावरचा नाही. तो मेंढपाळाचा शब्द आहे.

आधी आपल्याकडचं बघू. दिवाळी सरली की दुष्काळी पट्ट्यातले धनगर कळप घेऊन कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याकडे, काही जण पार घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बकरी बसवायला सांगतात. मेंढरांना बकरी म्हणायची तिकडची रीतच आहे. रात्रभर कळप रानात बसला की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, आणि त्या खताला तोड नाही हे कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारावं. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पण कळप एका जागी राहायचा तर त्याला कुंपण हवं, आणि ते रोज उचलून पुढे नेता येईल असं हवं. त्यासाठी असते वाघर. वाघर म्हणजे दोरीची जाळी. संध्याकाळी घोड्यावरून उतरवायची, खुंट्यांवर ताणायची, मेंढरं आत घ्यायची, कुत्री बाहेर राखणीला. सकाळी गुंडाळायची की वाट मोकळी.

आता इंग्लंडच्या दक्षिणेला चला. विल्टशर, हॅम्पशर, डॉर्सेट हा चुनखडीच्या बोडक्या टेकड्यांचा मुलूख. शतकानुशतकं तिथली शेती याच हिशेबावर चालली. दिवसा मेंढ्या टेकडीवर चरायच्या, रात्री खाली नांगरटीच्या रानात आणून कोंडायच्या. दुसऱ्या दिवशी कोंडाळं थोडं पुढे सरकवायचं. असं करत करत सगळ्या रानाला खत मिळायचं. आपला धनगर जाळी ताणतो, तिथला मेंढपाळ काठ्यांच्या विणलेल्या ताट्या एकीला एक जोडून उभ्या करायचा. त्यातली एक ताटी म्हणजे एक हर्डल.

ही ताटी कशी होते ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. तिकडे हेझल नावाचं झुडूप असतं. ते जमिनीलगत तोडलं की बुंध्यातून सरळसोट फोक फुटतात आणि सात-आठ वर्षांत मनगटाएवढे जाड होतात. कारागीर एक लांब, किंचित वाकडा ओंडका जमिनीवर ठेवतो. त्यात ओळीने भोकं पाडलेली असतात, बहुधा दहा. प्रत्येक भोकात एक उभी काठी खोचायची. मग कोयत्यासारख्या हत्याराने हेझलचे फोक उभे चिरायचे आणि त्या उभ्या काठ्यांमधून आत-बाहेर, आत-बाहेर विणत न्यायचे. खरं कसब टोकाला असतं. शेवटच्या काठीला वळसा घालून फोक माघारी आणायचा असतो. तो नुसता वाकवला तर मोडतो. म्हणून त्याला आधी दोरासारखा पीळ द्यायचा, म्हणजे तंतू सुटे होतात आणि न तुटता वळतात. मध्यभागी मुद्दाम एक फट ठेवलेली असते. चार-पाच ताट्या एकावर एक ठेवून त्या फटींतून काठी घातली की मेंढपाळ सगळ्या एकदम पाठीवर टाकून नेऊ शकतो. ताटी साधारण सहा फूट लांब आणि साडेतीन फूट उंच. हा साडेतीन फुटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठीत या वस्तूला शब्द आहेत, आणि चांगले आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरात कारवीच्या काठ्या विणून शेणामातीने लिंपलेली भिंत असते, तो कूड. खोपीच्या दाराला लावतात ती ताटी. बैलगाडीत शेणखत सांडू नये म्हणून बांबूच्या कामट्यांचा लावतात तो तट्ट्या. इंग्लंडातली जुनी घरंसुद्धा अशाच विणलेल्या काठ्यांवर माती लिंपून बांधत. तेव्हा हर्डलचा पहिला अर्थ सांगताना 'अडथळा' न म्हणता 'काठ्यांची विणलेली ताटी' म्हणावं. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'हिर्डेल'. त्याच्या शेवटचं 'एल' हे लहानपण दाखवतं, म्हणजे छोटी ताटी.

या शब्दाचे भाऊबंद शोधायला निघालं की मला फार आनंद होतो, कारण ते कुठे कुठे जाऊन राहिले आहेत! गॉथिक या मेलेल्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषेत 'हाउर्ड्स' म्हणजे दार. आइसलंडमध्ये आजही दाराला 'हुर्द'च म्हणतात. इंग्रजीत जो वाट अडवतो, तोच आइसलंडमध्ये घरात घेतो. यात कोडं काही नाही. पूर्वी झोपडीचं दार म्हणजे विणलेली ताटीच असायची. ती लावली की अडवणूक, काढली की प्रवेश. लॅटिनमध्ये याच कुळातला शब्द 'क्रातिस', अर्थ तोच, विणलेली ताटी किंवा जाळी. त्यापासून इंग्रजीत 'ग्रेट' म्हणजे लोखंडी जाळी आणि 'ग्रिल' हे शब्द आले, आणि 'क्रेट'सुद्धा त्याच घरातला मानतात. म्हणजे तासगावच्या बागेत द्राक्षं भरतात तो प्लॅस्टिकचा क्रेट, सांगलीतल्या फ्लॅटच्या खिडकीची ग्रील आणि मैदानावरचं हर्डल, तिघांचं गोत्र एक.

आणखी एक नातेवाईक तर आपल्या चौकाचौकात उभा आहे: होर्डिंग. जुन्या जर्मानिक 'हुर्द'वरून फ्रेंचमध्ये 'हूर' आला, म्हणजे फळ्यांचं बांधकाम. त्यावरून इंग्रजीत बांधकामाभोवतीच्या तात्पुरत्या फळ्यांच्या कुंपणाला होर्डिंग म्हणू लागले. त्या फळ्यांवर लोक जाहिराती चिकटवायचे. पुढे कुंपण गेलं, जाहिरात राहिली. साठेबाजीला इंग्रजीत होर्डिंग म्हणतात ते निराळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांच्या मागे एक फार जुना धातू मानतात, अर्थ 'पिळणे, विणणे'. संस्कृतमधला 'कृत्' धातू, सूत कातणे या अर्थाचा, याच कुळातला धरतात. आपलं 'कातणे' हे क्रियापद त्याच्याकडूनच आलं. धाग्याला पीळ देणं आणि हेझलच्या फोकाला पीळ देणं या दोन्ही कामांना हजारो वर्षांपूर्वी एकच नाव असावं, हे मला तरी सहज पटतं. हातांची हालचाल तीच आहे.

मध्ययुगात आणि त्याआधी हर्डलने मेंढ्या कोंडण्याखेरीज पुष्कळ कामं केली. इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या दलदलीत नवाश्मयुगातल्या वाटा सापडल्या आहेत. चिखलात पाय रुतू नये म्हणून लोकांनी विणलेल्या ताट्या आडव्या अंथरल्या होत्या, आणि दलदलीत हवा न पोचल्यामुळे त्या टिकून राहिल्या. आयर्लंडची राजधानी डब्लिन हिचं आयरिश नाव आहे 'बाला आहा क्लिअ', अर्थ 'ताट्यांच्या उताराचं गाव'. लिफी नदीच्या उथळ पात्रात ताट्या टाकून लोक पलीकडे जायचे, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे शहराचं नावच सांगतं की इथे हर्डलने वाट दिली.

एक काळी आठवणही या शब्दाला चिकटलेली आहे. इंग्लंडमध्ये राजद्रोहाची शिक्षा झालेल्या माणसाला घोड्यामागे बांधलेल्या ताटीवर आडवं टाकून फासाच्या जागेपर्यंत फरफटत नेत. १६०५ साली पार्लमेंट उडवून द्यायचा दारूगोळ्याचा कट उघडकीस आला. त्यातल्या गाय फॉक्सला आणि त्याच्या साथीदारांना जानेवारी १६०६ मध्ये असंच नेलं. ही शिक्षा कायद्यातून पूर्णपणे निघायला १८७० साल उजाडलं. जुन्या इंग्रजी मजकुरात कोणाला हर्डलवर नेल्याचं वाचाल, तेव्हा तिथे धावण्याची शर्यत समजू नका.

मग मैदानावर हा शब्द पोचला कसा? इंग्लंडमध्ये रान आणि कुरणं कुंपणांनी भरलेली. घोड्यावरून शिकार करताना ती ओलांडावी लागायची, त्यातून घोड्यांच्या शर्यती निघाल्या. आयर्लंडमध्ये १७५२ साली बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत दोघांनी पैज लावून घोडे पळवले असं सांगतात. चर्चचा मनोरा म्हणजे 'स्टीपल', लांबून दिसणारी ती एकच खूण. म्हणून अशा शर्यतीचं नाव 'स्टीपलचेस'. एकोणिसाव्या शतकात शर्यतीच्या मैदानावर घोड्यांसाठी मेंढरांच्या ताट्याच रोवायला लागले. त्या सगळीकडे मिळायच्या, हलक्या होत्या, कुठेही नेता यायच्या. घोड्यांमागोमाग इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांतली मुलं स्वतः धावू लागली.

१८६४ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या सामन्यात या शर्यतीला मापं मिळाली: १२० यार्ड अंतर, दहा हर्डल, प्रत्येकाची उंची साडेतीन फूट. पहिल्या हर्डलपर्यंत १५ यार्ड, दोन हर्डलमध्ये १० यार्ड, शेवटच्या हर्डलनंतर पुन्हा १५. आज पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत हर्डलची उंची १.०६७ मीटर असते आणि दोन हर्डलमध्ये ९.१४ मीटर अंतर असतं. असे विचित्र आकडे कुठून आले, असं मुलं विचारतात. हे ते जुने फूट आणि यार्डच आहेत, मीटरमध्ये लिहिलेले. साडेतीन फूट म्हणजे १.०६७ मीटर. मेंढी उडी मारून जाऊ नये म्हणून ताटी जेवढी उंच असायची, तेवढीच उंची धावणारा आज ओलांडतो.

पहिल्या काळात हर्डल जमिनीत घट्ट रोवलेलं असायचं. त्याला पाय लागला तर हर्डलला काही होत नसे, हाड मोडायचं ते धावणाऱ्याचं. त्यामुळे लोक जपून, उंच उडी घेऊन जायचे आणि वेग जायचा. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या अमेरिकेच्या ॲल्विन क्रेन्झलाइनने पुढचा पाय सरळ ताणून हर्डलवरून जाण्याची पद्धत रूढ केली. ही उडी नाही, हे लांबवलेलं पाऊल आहे. प्रशिक्षक मुलांना सांगतात की हर्डलवर कमीत कमी वेळ राहायचं, ते त्यामुळेच. १९३५ पासून इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचं हर्डल आलं. त्याचे पाय धावणारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का लागला की ते पुढे पडतं. आजच्या नियमानुसार वरच्या पट्टीच्या मध्यावर किमान ३.६ किलोचा जोर पडला की ते उलटलं पाहिजे. धावता धावता पाय लागून हर्डल पडलं तर सहसा बाद होत नाही, हाताने किंवा अंगाने पाडलं तर होतं. शाळेच्या मैदानावर अनेकदा हर्डल उलट्या बाजूने लावलेली दिसतात, पाय पलीकडे. तसं लावलेलं हर्डल पडत नाही आणि मुलगा तोंडावर आपटतो. क्रीडाशिक्षकांनी एवढं एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं, ही कळकळीची विनंती.

हर्डल आणि स्टीपलचेस यांतला फरक सातारा जिल्ह्याला समजावून सांगायची तशी गरज नाही, कारण माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी तो सगळ्या देशाला दाखवला. माणसं धावतात त्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. पण तो जाडजूड लाकडी ओंडका असतो आणि तो पडत नाही. त्यावर पाय ठेवून पलीकडे गेलं तरी चालतं, त्याला धडकून मात्र चालत नाही. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ललिता बाबर यांनी प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि तिथे दहाव्या आल्या. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत आधीच्या फेऱ्या पार करून भारतीय महिला त्याआधी अंतिम फेरीत धावली होती ती १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये. त्या होत्या पी. टी. उषा, आणि शर्यत होती ४०० मीटर हर्डल्स. त्यांची वेळ ५५.४२ सेकंद, कांस्यपदक विजेतीची ५५.४१. बत्तीस वर्षांच्या अंतराने ट्रॅकवर अंतिम फेरी गाठलेल्या या दोघींच्याही वाटेत अडथळे होते, एकीच्या पडणारे आणि दुसरीच्या न पडणारे. ज्या माणमधून मेंढरांचे कळप पाण्याच्या शोधात बाहेर पडतात, त्याच माणमधून पाण्याच्या उडीची शर्यत गाजवणारी धावपटू निघाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

'अडचण' हा अर्थ या शब्दाला सगळ्यात शेवटी चिकटला. हर्डल शर्यती रुळल्यावर, विसाव्या शतकात, लोक परीक्षेतल्या, धंद्यातल्या, कज्जे-खटल्यातल्या अडचणींना हर्डल म्हणू लागले. हा अर्थ मेंढपाळाकडून आलेला नाही, शर्यतीतून आलेला आहे. म्हणून हर्डलमध्ये तीन गोष्टी गृहीत असतात: ते ठरलेल्या वाटेवरच असतं, ते ओलांडता येईल एवढंच उंच असतं, आणि त्याच्या पुढे बहुधा आणखी एक असतं. घोड्यांच्या शर्यतीवरून आलेला वाक्प्रचार आहे 'फॉल ॲट द फर्स्ट हर्डल', म्हणजे सुरुवातीलाच गारद होणं. व्यापारात 'हर्डल रेट' म्हणतात तोही याच कल्पनेवर. समजा, मिरजेत कोणाला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बांधायचं आहे. बँकेचं व्याज आणि धंद्यातली जोखीम धरून तो ठरवतो की वर्षाला १५ टक्के तरी सुटले पाहिजेत. ते १५ टक्के हा त्याचा हर्डल रेट. प्रकल्पातून १३ टक्केच सुटणार असतील तर तो हर्डलला अडकला, १८ सुटणार असतील तर पलीकडे गेला.

बाकीचे तीन शब्द आता लवकर उलगडतात. 'ऑब्स्टॅकल' लॅटिनमधून आला, 'समोर उभं ठाकणं' या अर्थाने. त्यातला 'स्टा' आणि आपला 'स्था' एकच. 'बॅरियर'मध्ये आहे 'बार', आडवा दांडा. वाड्याच्या दाराला आतून घालतात तो अडसर नेमका हाच. 'इम्पेडिमेंट'मध्ये लॅटिनमधला पाय आहे, आपल्या 'पद'चा सख्खा भाऊ. पाय अडकवणं, म्हणजे अक्षरशः खोडा घालणं. रोमन सैन्य आपल्या सामानसुमानाला 'इम्पेडिमेंटा' म्हणायचं, चाल मंदावणारं लोढणंच ते. मराठीतही आडकाठी, खीळ, पाचर, खोडा, लोढणं, अडसर हे सगळे लाकडाचेच शब्द आहेत. आपण शब्दार्थ सांगताना ते सोडून देतो आणि एका 'अडथळा'वर सगळं भागवतो, ही मला खरी उणीव वाटते. मुलाला 'बॅरियर म्हणजे अडसर, इम्पेडिमेंट म्हणजे खोडा' असं सांगितलं तर तो पुन्हा विसरणार नाही.

वापरताना असं बघावं. रेल्वे फाटक किंवा टोलनाक्याचा दांडा हा बॅरियर. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड येऊन रस्त्यात पडली, तर ती ऑब्स्टॅकल. कोणाला बोलताना अडखळायला होत असेल, तर त्याला 'स्पीच इम्पेडिमेंट' म्हणतात, 'स्पीच हर्डल' नव्हे, कारण तो त्रास माणसाच्या बरोबर चालतो. आणि पोलीस भरतीला उतरलेल्या मुलाची मैदानी चाचणी, मग लेखी, मग वैद्यकीय तपासणी ही एकामागोमाग एक येणारी हर्डल्स. क्रियापदंही त्याप्रमाणे बदलतात. ऑब्स्टॅकल 'रिमूव्ह' करतात, बॅरियर 'ब्रेक' करतात आणि हर्डल 'क्लिअर' करतात. लेखीच्या निकालानंतर त्या मुलाला इंग्रजीत एक वाक्य लिहायचं असेल तर त्याने बेधडक लिहावं: 'आय हॅव क्लिअर्ड द सेकंड हर्डल.'